रानाचं टायर

थंडी पडली की आमच्या कॉलनीचा वॉचमन फाटकाशी टायर पेटवतो. लाकूड मिळत नाही म्हणतो, आणि ते खरंही असेल. दिवस मावळला की कुठूनतरी स्कूटरचं एखादं झिजलेलं टायर ओढत आणतो, खाली कागद-चिंध्या कोंबतो आणि काडी लावतो. आधी नुसता धूर निघतो, काळा आणि तेलकट, मग त्यातून लाल जीभ बाहेर येते. चार-पाच माणसं भोवती हात शेकत बसतात, गप्पा मारतात. मी खिडक्या लावून घेते. तरी तो वास आत येतोच. पडद्यात बसतो, उशीत बसतो, घशात एक कडू थर धरतो. परवा मी खाली जाऊन त्याला म्हटलं, मी लाकडं आणून देते, पण हे जाळू नका. तो ओशाळून म्हणाला, "मॅडम, दम्याचा त्रास हाय का तुम्हाला?" मी हो म्हणून टाकलं. दुसरं काय सांगणार?

लोकांना आमच्याकडची थंडी आवडते. हुरड्याच्या पार्ट्या, तिळगूळ, सकाळी लेण्यांच्या डोंगरावर उतरलेलं धुकं. मला मात्र जानेवारी जवळ आला की थंडी नकोशी होते. याला कारण एक हिवाळा आहे, विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायच्या आधीचा. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. मी विद्यापीठात इतिहासाचं एम.ए. करत होते आणि माझा मोठा भाऊ नगर रस्त्यावर एका चाकाची सायकल चालवत होता.

हे ऐकून लोक हसतात. एका चाकाची सायकल? हो, एकाच चाकाची. वर खोगिरासारखी सीट, खाली पायडल, हातात धरायला काही नाही.

आम्ही पाचोडच्या बाजूचे. घराणं मेंढपाळाचं. आजोबांचं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, वडिलांनी, म्हणजे बापूंनी, थोडी कोरडवाहू जमीन धरून घर केलं, पण मेंढरं सोडली नाहीत. दादाला मिसरूड फुटत होतं तेव्हा गावात एक सायकलवाला आला होता. शाळेच्या पटांगणात बांबू रोवून, कर्णे लावून, दिवसरात्र सायकलवरून न उतरता गोल फिरणारा. दाढी सायकलवर, आंघोळ सायकलवर, जेवणही तिच्यावरच. संध्याकाळी गर्दी जमली की तो पुढचं चाक काढून नुसत्या मागच्या चाकावर फिरून दाखवायचा. दादा त्याला घरचं दूध नेऊन द्यायचा आणि बदल्यात त्या एका चाकावर बसायला शिकायचा. सायकलवाला गेला, पण ते वेड दादाच्या अंगात राहिलं. पुढं त्यानं पाचोडच्या वेल्डिंगच्या दुकानात स्वतःची एकचाकी करून घेतली. तिला मोपेडचं रिम होतं आणि टायर होतं ट्रॅक्टरच्या टायरसारखं, जाड जाड ठोकळ्यांचं. कारण त्याला ती रस्त्यावर चालवायचीच नव्हती. नांगरटीत, मुरमाड माळावर, नदीच्या वाळूत तो मेंढरांमागं तिच्यावरून जायचा. मेंढरं आधी उधळली, मग त्यांनाही सवय झाली. बापू म्हणायचे की देवानं दोन पाय दिले ते पोराला कमी पडले. पण दादा ढेकळांवरून उड्या घेत यायला लागला की तेही कपाळावर हात धरून बघत उभे राहायचे. मातीत ते टायर कधी झिजलं नाही. ठोकळे रुतायचे, माती धरायचे, सोडायचे. मऊसर चर्र आवाज यायचा, तो मला अजून आठवतो.

त्या काळात वाळूजकडं रोज नवं शेड उभं राहत होतं. आमच्या पंचक्रोशीतली पोरं एकामागून एक कंपनीत लागत होती. मला विद्यापीठात प्रवेश मिळाला तसा दादाही माझ्याबरोबर आला. पदमपुऱ्यात आम्ही एक खोली घेतली. तो कंत्राटावर एका कंपनीत माल उचलायचा. कंत्राट संपलं, आणि त्याला नगर रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात काम मिळालं.

ते रिमोल्डचं दुकान होतं. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर नव्या रबराचा पट्टा चढवून, भट्टीत भाजून, ते परत विकायचं. धंदा वाईट नाही. प्रामाणिकपणे केला तर गरिबाच्या सोयीचा आहे. पण ते दुकान आठवलं की मला आधी आठवतो तो मागचा ढीग. टायरांची टेकडीच. प्रत्येक टायरच्या पोटात पावसाचं साचलेलं पाणी, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, आणि वर मालक येता-जाता मारायचा त्या तंबाखूच्या पिंका. मालकाला सगळे शेठ म्हणायचे. पांढरा सफारी, हातात अंगठ्या, बोलणं गोड. मला 'लेकी' म्हणायचे. का कोण जाणे, त्या शब्दानं मला अंग धुवावंसं वाटायचं.

शेठनी दादाची एकचाकी बघितली आणि त्यांचं डोकं चाललं. दादाच्या टायरसारखे ठोकळे असलेला एक साचा त्यांच्याकडं होताच. खेड्यातल्या मोटारसायकलवाल्यांना, दूधवाल्यांना ते तशी टायरं विकत. रानातही चालतं आणि रस्त्यावरही झिजत नाही, असं सांगत. आता त्यांनी दादाच्या चाकावर आपलं टायर चढवलं, पाठीवर पाटी बांधली, 'एकच टायर, वर्षभर', आणि त्याला रस्त्यावर सोडलं. कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी क्रांती चौकातून निघायचं, छावणीवरून नगर नाक्याच्या पुढं जायचं आणि परत यायचं. बसमधून कामगार डोकी बाहेर काढून बघायचे, शिट्ट्या मारायचे. दुकानाशी आल्यावर शेठ लोकांना बोलावून टायरला हात लावायला सांगायचे. बघा, अजून कोरं आहे.

ते कोरं नसायचंच. रानासाठी केलेलं टायर डांबरावर चालवलं की काय होतं ते मी तेव्हा जवळून पाहिलं. मातीत रुतणारे ते ठोकळे डांबरावर रुतत नाहीत, वाकतात. प्रत्येक ठोकळा आधी वाकतो, मग घासत सरळ होतो, आणि घासताना स्वतःचा थोडा चुरा मागं टाकतो. आवाजही पार बदलला होता. एखाद्या जनावराला दाबून धरल्यासारखी अखंड गुरगुर. ती दादाच्या मणक्यातून डोक्यात जायची. घरी आला की तो काही वेळ भिंतीला टेकून नुसता बसायचा. त्याच्या पँटीवर, कानामागं, नखांत काळी भुकटी असायची. उंदराच्या लेंड्यांसारखे रबराचे बारीक तुकडे मी रोज खोलीतून झाडायचे. त्याच्या आंघोळीचं पाणी मोरीतून काळं वाहायचं. भाकरीलाही रबराचा वास येतो म्हणून तो ताटावरून उठायचा.

शिवाय ते टायर सगळीकडून सारखं झिजत नव्हतं. एकचाकीला साखळी नसते, पायडल थेट चाकालाच असतं. त्यामुळं पायाचा जोर दर फेऱ्याला टायरच्या त्याच दोन जागांवर येतो, वळतानाही तिथंच पीळ बसतो. त्या दोन जागांचे ठोकळे आधी जायचे. उजव्या पायाखालची जागा जास्त गुळगुळीत, डाव्याखालची थोडी कमी, आणि बाकीचं टायर चांगलं. सुरुवातीला दादा टायर रिमवर थोडं सरकवून बसवायचा, म्हणजे झीज वाटली जाईल. तरी काही दिवसांत त्याच्या पोटातला कापडी धागा दिसायला लागायचा. मग शेठ शटर अर्धं ओढून तसंच दुसरं टायर चढवायला लावायचे आणि त्यावर तीच पांढऱ्या रंगाची खूण करायचे. दुसऱ्या दिवशी पाठीवर तीच पाटी. एकच टायर, वर्षभर.

दादानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा नासलेलं काही तोंडात गेल्यासारखा झाला होता. मी म्हटलं, सोड ते काम. तो म्हणाला, दुसरं बघतोय. तो खरंच बघत होता. वाळूजला फाटकाफाटकाशी जाऊन उभा राहत होता.

तेवढ्यात लासूर स्टेशनकडचा एक दूधवाला आला. दादाला बघूनच त्यानं आपल्या मोटारसायकलला तसली टायरं घेतली होती. उतारावर मागच्या टायरचा वरचा पट्टा सुटून उडाला, गाडी आडवी झाली, दुधाचे कॅन पायावर पडले. शेठनी त्याला चहा पाजला, गाडीवर वजन जास्त घातलं असशील म्हणाले आणि वाटेला लावलं. मी त्या दिवशी दादाचा डबा घेऊन गेले होते. दूधवाला कुबडी टेकत बाहेर आला आणि दादापाशी थांबला. आता हा भांडणार असं मला वाटलं. तो नुसता एकचाकीकडं बघत राहिला.

"तुमचं बघूनच घेतलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "तुमचं कसं काय झिजत नाय?"

दादानं त्याला तिथंच खरं सांगितलं. दर थोड्या दिवसांनी बदलतात, एवढंच. दूधवाल्यानं मान हलवली. रागावला नाही, परत आत गेला नाही. परत जाऊन काय उपयोग, हे त्याला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. त्याचा तो न आलेला राग मला शिवीपेक्षा जास्त लागला. दादानं डबा उघडलाच नाही.

तोवर शहराची हवा बदलत चालली होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळणार असं सगळे बोलत होते, आणि ते मिळू नये म्हणून बोलणारेही वाढले होते. माझ्या वर्गात प्रज्ञा नावाची मैत्रीण होती, सोयगाव तालुक्यातली. वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळली की आमच्या खोलीवर येऊन भाकरी-ठेचा खायची. दादा तिला प्रज्ञाताई म्हणायचा, वयानं लहान असूनही. नामांतराचा पहिला ठराव झाला तेव्हा ती अगदी लहान होती. त्या रागातून गावातल्या माणसांनी त्यांच्या दलित वस्तीतली घरं पेटवली. तिच्या आईनं तिला आणि एका शेळीला घेऊन ज्वारीच्या रानात रात्र काढली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही ग्रंथालयाच्या पायरीवर शेंगा सोलता सोलता. पेटवणाऱ्यांची नावं तिच्या वडिलांना माहीत होती. त्यातल्याच एकाच्या शेतात ते पुढच्या सुगीला कामाला गेले. जाणार कुठं?

शेठच्या दुकानात संध्याकाळी नामांतर नको म्हणणाऱ्यांच्या बैठका व्हायला लागल्या. खुर्च्या टाकल्या जायच्या, चहा यायचा, पिंका पडायच्या. बंद पुकारायचं ठरलं. चौकाचौकात जाळायला टायरं लागणार होती आणि ती शेठ फुकट देणार होते. मागच्या ढिगातली टायरं टेंपोत भरायचं काम दादाला सांगितलं. त्यानं ते केलं नाही; पाठ धरली म्हणून सांगून बाजूला बसला. दुसऱ्यांनी भरली. शेठना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांना दादाकडून वेगळंच काम हवं होतं. बंदच्या दिवशी मोर्चाच्या पुढं त्यानं एकचाकीवरून चालायचं. पाठीवरची पाटी बदलायची, नावाला विरोध करणारी लावायची. लोक त्याला बघायला थांबतात, थांबले की मागून चालायला लागतात, हे शेठनी बरोबर हेरलं होतं.

"तू काय परका हाय का? आपलाच माणूस," शेठ म्हणाले होते. दादानं ते मला सांगितलं आणि विचारलं, "शोभे, ह्या माणसानं आजवर आपल्याला कधी आपलं म्हटलं व्हतं का?"

मी म्हटलं, जाऊच नको. त्या दिवशी खोलीबाहेरच पडू नको. तो म्हणाला, घरी बसलो तर ते म्हणतील ताप आला असेल. मग तो बराच वेळ एकचाकी समोर घेऊन बसला. फडक्यानं पुसली, पायडलला तेल दिलं. टायर सरकवून बसवलं नाही, तसंच ठेवलं.

बंदच्या सकाळी मी त्याच्या मागोमाग गेले. त्याला ते आवडलं नाही, पण परत जा असंही म्हणाला नाही. दुकानासमोर भरपूर माणसं जमली होती. काही आमच्या गावाकडची, ओळखीच्या चेहऱ्यांची. काही कंपनीतली. रस्त्याच्या मध्यभागी टायरांची रास पेटवलेली होती आणि धूर सरळ वर न जाता माणसांच्या डोक्यावरून लोळत होता. शेठनी पुढं होऊन पाटी दादाच्या गळ्यात घालायला हात उचलला. दादानं तो हात खाली केला. मग एकचाकी उलटी करून सीटवर उभी केली आणि चाक हातानं फिरवलं.

"हे टायर गेल्या बाजाराला चढवलंय," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण माणसं तमाशा बघायला जमली होती म्हणून ऐकत होती. "बघा, दोन जागी धागा दिसतोय. वर्षभर काय, पंधरवडाबी टिकत नाय. दरवेळी बदलतोत आन् तीच खूण करतोत. तुमच्यातल्या लई जणांनी मला बघून टायरं घेतली. म्हणून सांगतोय. आन् ही पाटी मी घालणार नाय."

मला वाटलं होतं की ते चिडतील. शेठवर चिडतील, निदान काही जण तरी. कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या मोटारसायकली तिथंच कडेला लावलेल्या होत्या आणि त्यांना शेठचीच टायरं होती. एकानं वाकून आपल्या गाडीचं टायर बघितलंसुद्धा. मग मागून कुणीतरी म्हणालं, टायरचं नंतर बघू. आणि सगळे हसले. शेठही हसले. त्या हसण्याइतकं घाणेरडं मी पुढं आयुष्यात काही ऐकलं नाही. हातात पुरावा दिला तरी फसवणाऱ्याचं त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्याचं नाव विद्यापीठाच्या कमानीवर लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी फसवून घ्यायलाही ते तयार होते.

मग त्यांनी दादाला ढकललं. फार मारलं नाही, दोघा-तिघांनी थोबाडीत दिल्या, सदरा फाडला. ओळखीच्या एकानं मध्ये पडून त्याला बाजूला ओढलं आणि वर त्यालाच शहाणपण शिकवलं. एकचाकी उचलून त्यांनी पेटत्या राशीवर फेकली. सीटचं रेक्झिन आधी वितळलं. टायर पेटायला वेळ लागला, आणि पेटलं तेव्हा त्या दोन झिजलेल्या जागांवर आधी पेटलं. मी रस्त्याच्या कडेला ओकले. एका माणसानं माझ्याकडं बघून नाक मुरडलं.

घरी येताना आम्ही आतल्या गल्ल्यांतून आलो. दादाच्या ओठातून रक्त येत होतं आणि तो ते पुन्हा पुन्हा गिळत होता. प्रज्ञा खोलीच्या पायरीवर बसली होती. वसतिगृहात थांबायला तिला भीती वाटली होती. दादानं तिला काही सांगितलं नाही, मी सांगितलं. ती ऐकून घेऊन आत गेली, पाणी तापवलं, आणि दादाला म्हणाली, "दादा, तोंड उघडा, दात हलतोय का बघू द्या." त्याआधी ती त्याला कशानंच हाक मारत नव्हती.

दादा पाचोडला परत गेला. माझं शिक्षण थांबलं नाही. त्यानं बापूंना तसं बजावलं होतं. मी वसतिगृहात प्रज्ञाच्या खोलीत राहायला गेले. पुढं नामविस्तार झाला. कमानीवर बाबासाहेबांचं नाव लागलं, मराठवाडा हा शब्दही राहिला. त्या दिवशी प्रज्ञाचे वडील सोयगावकडून आले होते. ते कमानीखाली उभे राहून अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रज्ञा एकेक अक्षर बोट दाखवून सांगत होती. त्या हिवाळ्यातली माझ्याजवळ असलेली एवढीच गोष्ट स्वच्छ आहे.

दादानं पाचोडला पंक्चरचं दुकान काढलं, मग मळणीयंत्र घेतलं. एकचाकी पुन्हा केली नाही. मीही विचारलं नाही. मी या शहरात प्राध्यापक झाले, प्रज्ञाही झाली. दरवर्षी नामविस्तार दिनाला आम्ही दोघी कमानीपाशी जातो. काही वर्षांपूर्वी दादाही आला होता. पाचोडहून पहिल्या गाडीनं निघाला, उशीर नको म्हणून तसाच थेट रस्त्यावर आम्हाला येऊन भेटला. माणसं लोंढ्यानं चालत होती, निळे झेंडे, पुस्तकांचे गाडे, पोरांच्या कपाळाला निळ्या पट्ट्या.

वाटेत एक मंडप होता. वर मोठा फलक, भीमसैनिकांचं हार्दिक स्वागत. फलकावर हात जोडलेला शेठचा फोटो, खाली मुलाचा, खाली नातवाचा. आणि मंडपात खुर्चीवर खुद्द शेठ बसलेले. म्हातारे झालेले, गळ्यात निळा रुमाल, शेजारी पुरीभाजीच्या पाकिटांचा ढीग. मुलगा पाकिटं हातात देत होता आणि शेठ ती येणाऱ्यांना देत होते. फोटो काढणारा समोर उभा होता. मला तो जुना वास आला. तिथं काहीच जळत नव्हतं, तरी आला.

मी दादाचा हात ओढला, पण गर्दीनं आम्हाला त्या टेबलाशीच नेऊन टेकवलं. शेठनी दादाकडं बघितलं. ओळखलं नाही. ओळखून सोडून दिलं असंही नाही. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच काही नव्हतं. त्यांनी पाकीट पुढं केलं आणि गोड आवाजात म्हणाले, "घ्या भाऊ, लाजू नका. लांबून आलात."

दादानं त्या पाकिटाकडं बघितलं, मग शेठकडं. मी वाट बघत होते की आता तो सांगेल. नाव सांगेल, दुकान सांगेल, त्या दूधवाल्याचा पाय सांगेल. दादानं दोन्ही हात जोडले.

"नको," तो म्हणाला. "माझं जेवण झालंय."

आणि तो पुढं चालायला लागला. प्रज्ञा त्याच्या बरोबरीनं, मी मागं. ऊन तापलं होतं, कमान अजून लांब होती, आणि दादानं सकाळपासून पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नव्हतं.